तांग काळातली बाई

माझ्या वजनाविषयी बोलायचा अधिकार जगात सगळ्यांना होता, फक्त मला नव्हता. मी बोलायला लागले की ‘विषय टाळू नकोस’ असं ऐकावं लागे. सुट्टीत वसईला गेले की चर्चच्या दारातच ओळखीच्या बायका मला वरपासून खालपर्यंत बघायच्या आणि ‘गल्फ मानवलंय तुला’ म्हणायच्या. ते कौतुक आहे असं मी बरीच वर्षं समजत होते. शारजात अल मजाजला आम्ही राहतो त्या टॉवरच्या लिफ्टमध्ये बीप वाजला की सगळी माणसं आधी माझ्याकडे बघत. एकदा एक माणूस अख्खा फ्रिज ढकलत आत आला, तेव्हाही बीप वाजल्यावर लोकांनी बघितलं माझ्याकडेच. फ्रिजवाल्यानेसुद्धा.

मी एका फ्रेट कंपनीच्या डॉक्युमेंट सेक्शनला आहे. दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्यांचे कंटेनर जगभर फिरवते. नवरा हॉटेलात बँक्वेट सांभाळतो, म्हणजे लोकांच्या लग्नात रोज जेवतो आणि घरी येऊन मला सॅलड खा म्हणतो. मुलगी बारावीला. तिच्याशी मी मराठीत बोलते आणि ती मला इंग्रजीत उत्तर देते, ही आमची जुनी तडजोड आहे.

आमच्या टॉवरमधल्या मराठी बायकांचा एक ग्रुप आहे. संध्याकाळी ऊन उतरलं की खालिद लगूनच्या कडेने चालायचं आणि चालताना काय खाल्लं नाही ते एकमेकींना सांगायचं, एवढंच त्याचं काम. पुढारीण आमच्या वरच्या मजल्यावर राहते. तिला मी इथे वेलनेसबाई म्हणते; तोंडावर म्हणायची कधी हिंमत झाली नाही. तिने स्वतःचं वजन बरंच उतरवलं, मग ऑनलाइन कोर्स करून सर्टिफिकेट मिळवलं आणि मग आमची वजनं उतरवायला घेतली. कुणाच्या वाढदिवसाला केक कापला की ती प्लेट नाकाजवळ नेऊन वास घ्यायची आणि ‘मला एवढ्यानंच समाधान होतं’ म्हणून ठेवून द्यायची. आमच्या तोंडातला घास मग घशाखाली उतरायचा नाही. मी वसईहून सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आणली होती, चांगली केळीच्या सालपटात बांधलेली, तर ती बघून म्हणाली, ‘अगं, हे फळ नाही, ही साखर आहे. मी तुझ्या भल्यासाठीच बोलते.’ माझं भलं इतकी माणसं करत होती की वाईट करणारं कुणी भेटलं असतं तर मी त्याला चहाला बोलावलं असतं.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक चिनी बाई राहायची. पन्नाशीची, काटकुळी, केस मुलांसारखे कापलेले. तिचा नवरा फुजैराला टर्मिनलवर इंजिनिअर, तो वीकेंडला यायचा. आमचं नातं लिफ्टमध्ये हसण्यापलीकडे गेलं नव्हतं. तिच्या दाराबाहेर तेलाचा उग्र वास यायचा आणि मधूनमधून अनोळखी माणसं येऊन जायची. एवढ्यावरून वेलनेसबाईने निष्कर्ष काढला होता की ती घरात मसाज पार्लर चालवते. ‘तेल कसलं ते वासावरूनच कळतं,’ असं ती म्हणायची. आम्ही माना डोलवायचो, कारण दम लागलेला असायचा.

ते तेल रंगात मिसळायचं, जवसाचं होतं आणि बाई चित्रकार होती. हे मला ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी तिने मला चित्रासाठी बसशील का म्हणून विचारलं.

झालं असं की ऑफिसातून येताना लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. ती नेहमीसारखी हसली नाही. माझ्या गालांकडे बघत राहिली, मग हनुवटीकडे, मग हनुवटीच्या खालच्या दुसऱ्या हनुवटीकडे. मला सवय होती, पण लोक निदान चोरून बघतात. घरी येऊन मी पर्स ठेवते न ठेवते तोच बेल वाजली. दारात तीच, हातात मोबाइल. मोबाइलवर एक जुनं चित्र. त्यात एक भरल्या अंगाची बाई उभी होती, पुरणपोळीसारखा गोल चेहरा, केसांचा उंच डोंगर, त्यावर एक मोठं फूल, आणि भुवया अशा की कपाळावर दोन फुलपाखरं बसली आहेत. अंगावर इतके झगे की त्यातून फक्त हात आणि चेहरा दिसत होता. शेजारीण आधी चित्रातल्या बाईकडे बोट करत होती, मग माझ्याकडे.

तिचं इंग्रजी माझ्या अरबीइतकंच होतं, म्हणजे ‘यल्ला’ आणि ‘खलास’ यांच्या मधे फारसं काही नाही. तिचं बोलणं मी इथे माझ्या मराठीत सांगते.

‘ही तू,’ ती म्हणाली.

मला वाटलं, आता माझ्या वजनावर बोलायला चीनमधूनही माणसं यायला लागली. पण तिने शांतपणे समजावलं. ही तांग घराण्याच्या काळातली राजदरबारची बाई. तेव्हा त्यांच्याकडे अशाच बायका सुंदर समजत. भरलेल्या, गोल, सावकाश चालणाऱ्या. हाडं दिसली की घरात काही कमी आहे असं लोकांना वाटायचं. मला एकदम लख्ख कळलं. खात्यापित्या घरची, आपण म्हणतो तसंच. फक्त त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं आणि वर रेशमावर रंगवून ठेवलं होतं.

नवऱ्याला सांगितलं तर त्याने पहिला प्रश्न विचारला तो कपड्यांचा. चित्रकार, मॉडेल म्हटल्यावर पुरुषांची गाडी एकाच स्टेशनवर थांबते. मी तिला जाऊन विचारलं. ती म्हणाली, ‘पुष्कळ कपडे. इतके की तुला उकडेल.’ नवऱ्याचं समाधान झालं. मुलगी म्हणाली, ‘मम्मा, दिस इज सो वियर्ड. प्लीज डू इट.’

मग दर शनिवारी सकाळी मी समोरच्या दारात जायला लागले. तिच्या हॉलमध्ये सोफा नव्हता, टीव्ही नव्हता. भिंतीभर जुन्या चित्रांच्या छापील प्रती चिकटवलेल्या आणि मधे एक उंच स्टूल. सूकमधून, म्हणजे इथल्या बाजारातून, पडद्याचं सॅटिन आणून तिने स्वतः झगे शिवले होते. डोक्यावर विगांचा मनोरा चढवायची, त्यात प्लास्टिकचं गुलाबी फूल खोचायची आणि मग माझ्या भुवया पावडरने झाकून त्यांच्या वर दोन जाड काळे ठिपके काढायची. पहिल्या दिवशी आरशात बघितलं तेव्हा मला इतकं हसू आलं की फूल पडलं.

‘हसायचं नाही,’ ती म्हणाली. ‘दरबारातली बाई हसत नाही.’

‘मग करते काय?’

‘वाट बघते.’

कुणाची ते तिने सावकाश, रंग मिसळता मिसळता सांगितलं. बायका शेकडो, राजा एक. दिवस जायचा कसा? फुलं बघायची, कुत्र्याला पंख्याने खेळवायचं, चहा प्यायचा, एकमेकींची केशरचना बघायची. हे सगळं चितारणारे पुरुष. त्यांना वाटायचं, किती सुंदर निवांतपणा. माझा नवरा तेव्हा आमच्या घरी झोपलेला असायचा, रात्री कुणाचं तरी रिसेप्शन लांबलेलं. मी झग्यात घाम गाळत बसलेली असायची. निवांतपणा हा शब्द कुणी शोधून काढला असेल याचा मी तेव्हा बराच विचार केला. बाई नसावी.

तिची चित्रं नुसती नक्कल नव्हती. बाई तांग काळातली, झगा तांग काळातला, भुवया तांग काळातल्या, पण बाकी सगळं आमच्या टॉवरमधलं. जुन्या चित्रात बाईच्या हातात पंखा आहे, तर माझ्या हातात तिने मोबाइल दिला. जुन्या चित्रात पायाशी छोटा कुत्रा, तर माझ्या पायाशी जमीन झाडणारा तो गोल रोबोट, आणि मी त्याच्याकडे तितक्याच कौतुकाने बघतेय. सगळ्यात मोठं चित्र कापडाला इस्त्री करणाऱ्या बायकांचं होतं. जुन्या चित्रात दोघी रेशीम दोन बाजूंनी ताणून धरतात आणि तिसरी निखाऱ्यांच्या भांड्याने इस्त्री फिरवते. हिने रेशमाच्या जागी किंगसाइज बेडशीट घातली, ती इलॅस्टिकवाली, जिची घडी आजवर कुणालाही जमलेली नाही. तिन्ही बायका मीच होते. या टोकाला मी, त्या टोकाला मी, इस्त्रीही मीच फिरवत होते.

सगळ्यांना माझाच चेहरा का, असं मी विचारलं. ती म्हणाली, जुन्या चित्रकारांनीही सगळ्यांना एकच चेहरा दिलाय, बघ. भिंतीवर बघितलं तर खरंच, पाच बायका आणि चेहरा एकच. ‘तो चेहरा कुणाचाच नाही,’ ती म्हणाली. ‘हा तुझा आहे.’ आणि लगेच, मान डावीकडे, श्वास कमी घे, बोलू नको.

ती प्रेमळ वगैरे अजिबात नव्हती. माझ्या पाठीला रग लागली तरी तिला त्याचं काही नसे. पाणी मागितलं तर ‘हा हात झाला की’ म्हणायची. पण वजनाच्या बाबतीत जगात ती एकटीच माझ्या बाजूने होती, आणि तीही स्वार्थासाठी. ईस्टरच्या आधी उपवासकाळ आला. आमच्यात तेव्हा मांस सोडतात, मी गोडही सोडलं होतं. दोन-तीन शनिवारांनंतर ती ब्रश खाली ठेवून उठली आणि माझ्या गालाला चिमटा काढून बघितला. गाल उतरला होता. तिचा चेहरा असा झाला की कुणी तिच्या घरातून सामान चोरलंय. अर्धं चित्र झालंय आणि तू बारीक होतेस, असं चालणार नाही, ती म्हणाली. बारीक झाल्याबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदाच बोलणी खाल्ली. तिने आतून भाताची वाटी आणली आणि समोर ठेवली, वर गोड चवीचं मांस. उपवास आणि कला यांच्यात त्या दिवशी मी कला निवडली. पुढच्या वेळी मी माझी उरलेली सुकेळी तिच्याकडे नेली. तिने एक तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि बाकीची ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. मला एकही दिलं नाही.

नवरा आधी चेष्टा करायचा. मी दारातून आत आले की ‘आल्या महाराणी’ म्हणायचा. कपडे सगळे तंग होतायत आणि ही तांग होतेय, असा विनोदही त्याने करून घेतला आणि तो बँक्वेटमधल्या सगळ्यांना सांगितला. मग एकदा तो मला बोलवायला समोर आला आणि इस्त्रीचं चित्र अर्धं झालेलं त्याने बघितलं. बराच वेळ बघत राहिला. घरी आल्यावर एवढंच म्हणाला की बेडशीटची दोन टोकं तू एकटी कशी धरतेस गं. मी म्हटलं, रोजच धरते. त्या रविवारी तो धुतलेल्या चादरीचं एक टोक धरायला उभा राहिला. घडी जमली नाही ती नाहीच, पण निदान दोघांना मिळून जमली नाही.

चित्रं पूर्ण झाली तसं दुबईतल्या एका गॅलरीने प्रदर्शन ठरवलं. ही गॅलरी म्हणजे गोदामच होतं. आत एसी घातला आणि बाहेरचा बोर्ड काढून टाकला की गोदामाची गॅलरी होते. ओपनिंगच्या संध्याकाळी शारजा-दुबई ट्रॅफिकमध्ये तास घालवून आम्ही पोचलो. नवऱ्याने सूट घातला होता. आत गेल्या गेल्या त्याने खाण्याचं टेबल बघितलं, नखाएवढ्या पदार्थांच्या चार ओळी, आणि हे लोक क्लाएंटला फसवतात असं पुटपुटला. एका चित्राखालची किंमत त्याने वाचली, हलक्या आवाजात तिचे रुपये केले आणि सूटचं बटण लावलं.

प्रदर्शनाचं नाव दारातच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. इंग्रजीत होतं, त्याचा अर्थ ‘गैरहजर बाई’. मी दर शनिवारी पाठ मोडून हजर होते. एक उपवासकाळ त्यात बुडाला होता. पण कलेच्या जगात हजेरीपट माझ्या ऑफिससारखा नसतो, असं मी स्वतःला समजावलं.

नाव क्युरेटरने दिलं होतं. क्युरेटर म्हणजे प्रदर्शन मांडणारा माणूस. उंच, सडसडीत, काळे सैल कपडे, आवाज इतका हळू की शेजारच्या खोलीत कुणी आजारी असावं. त्याने भाषण केलं. पुरुषी नजरेने गप्प बसवलेल्या बायका आता या भिंतींवरून बोलतायत, असं काहीतरी होतं. बायकांचा आवाज हा शब्द त्यात पुष्कळदा आला. चित्रकार त्याच्या शेजारी उभी होती. तिला माइक दिला नव्हता.

भाषणानंतर मी इस्त्रीच्या चित्रासमोर उभी राहिले. इतक्या मोठ्या आकारात मी स्वतःला कधी बघितलं नव्हतं, आणि खरं सांगते, वाईट वाटलं नाही. तिथे मी मोठी होते कारण चित्र मोठं होतं. भिंत पुरली होती. लिफ्ट नव्हती ती. तेवढ्यात क्युरेटर शेजारी आला. त्याच्या हातात ग्लास, माझ्या हातात रिकामी प्लेट. मी साधा निळा ड्रेस घातला होता, केस नेहमीसारखे क्लिपमध्ये, भुवया जागेवर. चित्रं कशी वाटली म्हणून त्याने विचारलं आणि उत्तराला न थांबता सांगायला लागला. म्हणाला, या देहाकडे बघा. असा देह खरा नसतो. हा विचार आहे. चित्रकाराने इतिहासाचा भार देहाच्या आकारात दाखवलाय. ही कुणी एक बाई नाही, हे समजून घेणं महत्त्वाचं आहे.

मुलगी माझ्या मागेच होती. तिने माझी ओढणी धरली होती, मी काही बोलू नये म्हणून की बोलावं म्हणून, कोण जाणे.

मी इंग्रजीत, सावकाश आणि स्पष्ट म्हटलं, ‘ही मी आहे.’

त्याने डोळे मिटले. छातीवर हात ठेवला. ‘एक्झॅक्टली,’ तो म्हणाला. ‘प्रत्येक बाईला अगदी हेच वाटायला हवं.’

आणि माझ्या खांद्याला हलकेच स्पर्श करून पुढच्या माणसाकडे गेला. मुलगी हसता हसता खाली बसली. मी तिथेच उभी, रिकामी प्लेट घेऊन. माझा देह म्हणजे इतिहासाचा भार आहे हे मला आधी कळलं असतं तर डॉक्टरला तसं सांगितलं असतं. पुढे चित्रकाराला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ती अजिबात चिडली नाही. तो बोलतो म्हणून चित्रं विकली जातात, ती म्हणाली. त्याला कळलं तर तो बोलणार कसा?

आमचा चालायचा ग्रुपही आला होता, साड्या नेसून. आधी कोपऱ्यात उभ्या राहून खुसखुसल्या. चित्रांचे फोटो काढून तिथल्या तिथे ग्रुपवर टाकले. मीही त्याच ग्रुपवर आहे हे बहुधा विसरल्या. ‘थोडं एडिट करायला सांगायचं ना’ असं एकीने लिहिलं होतं. मग एक अरब बाई, काळ्या अबायात, दोन मदतनिसांसह, माझ्या मोबाइलवाल्या चित्रासमोर थांबली. थांबली ती थांबलीच. थोड्या वेळाने गॅलरीच्या मुलीने येऊन त्या चित्राशेजारी लाल ठिपका चिकटवला. विकलं गेलं. लाल ठिपक्याचा अर्थ आमच्या ग्रुपला सांगावा लागला नाही. पाच मिनिटांत वेलनेसबाई माझ्याजवळ होती आणि माझ्या कमरेभोवती, जमेल तितका, हात टाकून फोटो काढत होती.

‘मी तर नेहमी म्हणायचे,’ ती म्हणाली, ‘तुझ्या चेहऱ्यात काहीतरी आहे.’

तिने नेहमी काय म्हटलं होतं ते मला पाठ होतं. पण फोटो चालू होता, आणि दरबारातली बाई कॅमेऱ्यासमोर तोंड उघडत नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात तिने समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. मसाज पार्लरचा विषय तिच्या मनातून गेला असावा. मला दुभाषी म्हणून नेलं होतं. तिलाही चित्र काढून हवं होतं, स्वतःचं, हॉलमध्ये लावायला. पण अटी होत्या. कंबर दिसली पाहिजे. डोळे तिचेच ठेवायचे. आणि भुवया त्या तसल्या नकोत, तिने स्वतःच्या मायक्रोब्लेडिंगने कोरून घेतल्यात. मला वाटलं चित्रकार दार लावून घेईल. तिने उलट वेलनेसबाईभोवती एक फेरी मारली, मनगट हातात धरून बघितलं, गालफडांवरून बोट फिरवलं आणि हो म्हणाली. किंमत तिने सांगितली, वेलनेसबाईने घासाघीस केली नाही.

चित्र महिन्याभरात झालं. सुंदरच होतं. त्यात वेलनेसबाई खिडकीशी बसलीय, फिकट निळ्या झग्यात, खांदे उतरलेले, मान वेळूसारखी लांब, चेहरा पांढराफटक. टेबलावर पुस्तक आणि प्रोटीन शेकर. बाहेर एक सुकलेलं झाड. वेलनेसबाई ते बघून रडली. असं कुणी मला आजवर बघितलंच नव्हतं, ती म्हणाली. तिने हॉलमध्ये खास लाइट लावला आणि आम्हाला सगळ्यांना बघायला बोलावलं, खायला काकडी.

चित्र घेऊन वेलनेसबाई गेली तेव्हाच मी चित्रकाराला विचारलं होतं, ही तांग काळातली नाही ना? ती म्हणाली नाही, ही पुष्कळ नंतरची, छिंग घराण्याच्या वेळची. तेव्हा फॅशन बदलली होती. बाई जितकी अशक्त तितकी सुंदर. वारा आला तर पडेल अशी. तापाने, खोकल्याने खंगलेली असेल तर फारच उत्तम, चित्रकार तशाच रंगवायचे. मग ब्रश धुता धुता म्हणाली, ‘तुझी मैत्रीण अगदी बरोबर आहे. तिला उभं राहायला सांगावंसं वाटेना.’

हे मी वेलनेसबाईला सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही. तिच्या घरी गेले की मी त्या चित्रासमोर उभी राहते, छान आहे म्हणते, आणि ती म्हणते, ‘बघ, शिस्त असली की होतं.’

इस्त्रीचं मोठं चित्र बरेच दिवस विकलं गेलं नाही. मग गॅलरीकडून कळलं की रास अल खैमातल्या एका रिसॉर्टने घेतलं. माझ्या नवऱ्याला त्यांच्या लॉबीचा अंदाज होता, म्हणाला उंच भिंत आहे, समुद्राकडून उजेड येतो, शोभेल. एका शुक्रवारी आम्ही तिघं गाडी काढून निघालो. शारजा मागे पडली, मग रेती, मग सिमेंट फॅक्टऱ्यांच्या चिमण्या, मग डोंगर. मुलगी मागे बसून मैत्रिणींना व्हॉइस नोट पाठवत होती की आम्ही मम्माला भेटायला चाललोय.

लॉबीत चित्र नव्हतं. रिसेप्शनवरच्या मुलाने कंप्यूटरमध्ये बघून सांगितलं की आर्टवर्क रेस्टॉरंटमध्ये आहे, बुफेचा वेळ चालू आहे, टेबल हवं का? टेबल घ्यावंच लागलं. आत गेलो. बुफेच्या एका टोकाला लाल कंदील टांगून चायनीज कॉर्नर केला होता, आणि त्या कॉर्नरच्या मागे, थेट नूडल्सच्या काउंटरवर, मी होते. तिघी. माझ्या पुढ्यात एक शेफ मोठ्या कढईत नूडल्स उडवत होता आणि कढईची सगळी वाफ माझ्या झग्यावर जात होती. शेजारी प्लेट घेऊन उभी असलेली एक बाई तिच्या नवऱ्याला हिंदीत सांगत होती की हे लोक पूर्वीपासूनच खूप खायचे, बघ.

मुलगी म्हणाली, ‘मम्मा, आय अ‍ॅम गोइंग टु से समथिंग.’ मी म्हटलं, नको, जेवू दे त्यांना.

मला खरं तर रागही येत नव्हता. दरबार, राजा, पुरुषी नजर, इतिहासाचा भार एवढं सगळं पार करून मी शेवटी हक्का नूडल्सवर येऊन पोचले होते. यावर रागवायचं कुणावर? पण नवऱ्याचा चेहरा मी बघितला. लग्नाच्या हॉलमध्ये झुंबर वाकडं लागलं की त्याचा चेहरा तसा होतो. तो प्लेट ठेवून मॅनेजरकडे गेला. मी जरा लांबून ऐकत होते. पत्नी वगैरे काही तो बोलला नाही. मी अमुक हॉटेलचा बँक्वेट मॅनेजर, असं म्हणून कार्ड दिलं, आणि मग एका धंद्यातल्या माणसाने दुसऱ्याशी बोलावं तसं बोलला. चित्र तेलरंगातलं आहे. रोज दोन वेळा वाफ आणि तेलाचा धूर बसला तर वर्षभरात रंग पिवळा पडेल, मग मालक तुम्हाला विचारेल. मॅनेजर म्हणाला, थीम आहे सर, एशियन कॉर्नर.

‘थीम राहू दे,’ नवरा म्हणाला. ‘काउंटर हलव.’

दोघांनी मिळून प्लगपॉइंट शोधले. नूडल्सवाला शेफ शेगडी बंद करून बाजूला झाला. चाकं होती काउंटरला. तिघाचौघांनी ढकलून तो पलीकडच्या खांबाशी, सूपांच्या मागे नेला. एक कंदीलही काढला. माझ्या चित्रासमोर आता मोकळी फरशी होती, आणि थोड्याच वेळात एका कुटुंबाने तिथे बाळाची गाडी उभी केली.

नवरा परत येऊन बसला. नॅपकिन मांडीवर घेतला आणि मुलीला म्हणाला, मम्माला वाढून आण, ती केव्हाची उभी आहे. मुलगी गेली आणि भात, मासा, दोन प्रकारचं गोड असं सगळं भरून घेऊन आली. मी चित्राचा फोटो काढून चित्रकाराला पाठवला आणि कुठे लावलंय, काय झालं, ते थोडक्यात लिहिलं. तिचं उत्तर लगेच आलं. पैसे मिळालेत, असं पहिलं वाक्य होतं. दुसरं, नूडल्स कशा आहेत?

मी नवऱ्याला विचारलं. त्याने आपल्या प्लेटमधल्या नूडल्स काट्याने उचलून बघितल्या, चावून बघितल्या.

‘जास्त शिजल्यात,’ तो म्हणाला. मी तसं लिहून पाठवलं.